पोहणं सोडायचं नाही, राणी

राणी, तुला दोन माणसांनी दोन टोकाचे सल्ले दिलेत आणि दोन्हींनी तू गांगरून गेली आहेस. क्लासचे सर म्हणाले, आयआयटी हवी असेल तर दोन वर्षं तलावाकडे फिरकू नकोस. मामी म्हणाली, राष्ट्रीय पदक आहे ना पोरीकडे, मग काळजी कसली, खेळाडूंच्या जागा असतातच की! मला दोघांचंही पटत नाही. तुझा परवाचा फोन झाल्यापासून मी नियम वाचत बसले होते. आता नीट ऐक.

आधी मामीच्या म्हणण्याचं बघू. जोसाच्या समुपदेशनातून आयआयटी, एनआयटीच्या जागा वाटल्या जातात, त्यात खेळाडूंचा कोटा नाही. तिथे तुझं ब्राँझ कुणी विचारणार नाही. पण आयआयटी मद्रासनं २०२४-२५ पासून एक वेगळी वाट काढली आहे. त्यांच्या प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन जास्तीच्या जागा, त्यातली एक फक्त मुलीची. त्यासाठी अर्ज जोसाकडे नाही, थेट मद्रासच्या स्वतंत्र पोर्टलवर करायचा. मुख्य अटी दोनच, पण दोन्ही पक्क्या. जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत नाव हवं, आणि गेल्या चार वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवर किमान एक पदक हवं. या दोन अटी पार केलेल्यांची मग खेळातल्या कामगिरीवर वेगळी क्रमवारी लागते आणि जागा त्या क्रमानं मिळतात.

इथे जरा थांबूया, कारण सगळं मर्म या यादीत आहे. २०२४ मध्ये अ‍ॅडव्हान्स्डला सुमारे १ लाख ८० हजार मुलं बसली. यादीत आली ४८,२४८. आणि सगळ्या आयआयटी मिळून जागा साडेसतरा हजारांच्या आसपास. म्हणजे तीस हजार मुलं अशी, की जी पास झाली पण त्यांना आयआयटी मिळाली नाही. बाकीच्यांसाठी पस्तीस हजारावा क्रमांक म्हणजे हळहळ. तुझ्यासाठी मात्र तोच क्रमांक म्हणजे मद्रासच्या दारातला प्रवेश, कारण तिथून पुढे तुझं पोहणं बोलणार आहे. त्या वर्षी खुल्या यादीत यायला ३६० पैकी १०९ गुण लागले, २०२५ मध्ये तर ७४ पुरले. शिवाय भौतिक, रसायन, गणित, प्रत्येकात ठरलेले किमान गुण लागतात. म्हणून गणिताच्या जिवावर रसायन सोडून देणं तुला परवडणार नाही. तुझी ती खोड मला माहीत आहे!

हे गुण दिसायला कमी वाटतात, पण पेपर भयंकर अवघड असतो. आणि अ‍ॅडव्हान्स्डला बसायलाच आधी जेईई मेनमध्ये पहिल्या अडीच लाखांत यावं लागतं. खुल्या गटात ते गेली दोन-तीन वर्षं ९३ पर्सेंटाइलच्या आसपास आलं आहे. पदक कितीही चमकदार असलं तरी ही पायरी कुणी माफ करत नाही. पहिल्या वर्षी या वाटेनं मद्रासला फक्त पाच खेळाडू गेले. इतके अभ्यासक्रम, प्रत्येकाला दोन जागा, आणि आत पाचजण! मला तरी यातून एकच दिसतं, की पदकवाले खूप आहेत, यादीवाले खूप आहेत, दोन्ही असलेले फार थोडे. सर तुला त्या थोड्यांतून बाहेर काढायला निघालेत, आणि म्हणूनच मला त्यांचा राग आला.

आता त्यांचं ऐकून पोहणं सोडलंस तर काय होईल ते बघ. तुझं सब-ज्युनियरचं ब्राँझ आठवीतलं. बारावी होऊन अर्ज करशील तेव्हा ते चार वर्षांच्या अगदी काठावर येईल. त्याच्या भरवशावर राहायचं नाही, तुला नवं पदक लागणार. ते मिळवायचं वर्ष हेच, अकरावीचं. बारावीत तारखा तुझ्या हातात नसतात. २०२४ मध्ये तमिळनाडूची खेलो इंडिया युवा स्पर्धा १९ ते ३१ जानेवारी होती आणि जेईई मेनचं पहिलं सत्र २४ जानेवारीला सुरू झालं. २०२५ मध्ये बिहारची स्पर्धा १५ मेला संपली आणि १८ मेला अ‍ॅडव्हान्स्ड! दोन्ही वेळा महाराष्ट्र पदकतक्त्यात पहिला आला, म्हणजे आपल्याकडच्या किती मुलांची ही ओढाताण झाली असेल. म्हणून यंदा ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेसाठी जीव तोडून पोह. बारावीत दिवाळीनंतर सराव निम्म्यावर आण, पाण्याची सवय सुटू नये एवढाच. तेव्हा जानेवारीच्या मेनपुढे कुठलीच स्पर्धा मोठी मानू नकोस.

आणि जेवणाचं सांगते, ते आईला सांगू नकोस म्हणालीस तरी मी सांगणार आहे. पहाटे तलाव, दुपारी कॉलेज, रात्री क्लास, आणि मध्ये नुसता बिस्किटाचा पुडा, हे चालणार नाही. पाळी दोन-दोन महिने येत नाही ही लपवायची गोष्ट नव्हे. आईबरोबर डॉक्टरकडे जाऊन ये. झोप तोडून सोडवलेली गणितं सकाळी आठवत नाहीत.

अमेरिकेचंही विचारलं होतंस. एमआयटी आणि कॅलटेक, दोन्हीकडचे जलतरण संघ खेळाडू म्हणून शिष्यवृत्ती देत नाहीत. एमआयटीत प्रशिक्षक तुझ्याबद्दल चार शब्द प्रवेश समितीला कळवू शकतो, निर्णय समितीचा. कॅलटेकचा पुरुषांचा बास्केटबॉल संघ आपल्या लीगमध्ये सलग ३१० सामने हरला आणि २०११ च्या फेब्रुवारीत कुठे जिंकला. तरी त्यांनी खेळाडूंसाठी अभ्यासाची अट सैल केली नाही. मला त्या संस्थेबद्दल आदर वाटतो. अर्ज करावासा वाटला तर कर, पण निव्वळ पोहण्याच्या आशेवर नको.

मद्रासवरही सगळं लावू नकोस. दोन जागा म्हणजे दोनच जागा, आणि क्रमवारीत तुझ्यापुढे एखादी आंतरराष्ट्रीय पदकवाली असू शकते. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगसाठी एमएचटी-सीईटीचा अर्ज भरायचाच, आणि बारावीत ७५ टक्के सोडायचे नाहीत, कारण आयआयटीला बोर्डाचीही अट आहे.

या रविवारी बाबांना घेऊन बस. सगळी प्रमाणपत्रं काढा, प्रत्येकावर स्पर्धेचं नाव, वयोगट आणि तारीख स्पष्ट आहे का बघा, नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळतंय का बघा. मग मद्रासच्या संकेतस्थळावरचं खेळाडू प्रवेशाचं माहितीपत्रक दोघं मिळून वाचा. कुठल्या स्पर्धा धरतात ते त्यात दिलेलं असतं. आणि सोमवारी सरांना सांग, मी तलावावर जाणार आहे.