तक्त्यापासून गोषवाऱ्यापर्यंत

महिनाअखेर आली की तालुक्याच्या कार्यालयात एकच लगबग सुरू होते. चाळीस शाळांची प्रपत्रे आलेली असतात; त्यांतील आकडे एका मोठ्या तक्त्यात चिकटवावयाचे, बेरजा करावयाच्या आणि वरिष्ठांकडे गोषवारा रवाना करावयाचा. पुढील महिन्यात तेच काम पुन्हा आरंभापासून! पूर्वी हे नोंदवहीत होत असे, आता एक्सेलमध्ये होते, एवढाच काय तो फरक.

वास्तविक हा शीण टाळता येण्याजोगा आहे. पिव्होट टेबलची सोय एक्सेलमध्ये १९९३ पासून आहे. पिव्होट टेबल म्हणजे आपला गोषवाराच होय. मात्र तो क्षणात उलटसुलट मांडता येतो. त्यानंतर २०१० मध्ये पॉवर पिव्होट आणि २०१३ मध्ये पॉवर क्वेरी ही जोडसाधने आली, आणि २०१५ मध्ये पॉवर बीआय हे स्वतंत्र साधन उपलब्ध झाले. पॉवर क्वेरी एक्सेल २०१६ पासून मूळ कार्यक्रमातच समाविष्ट आहे. तज्ज्ञाची वाट न पाहता तक्ता भरणाऱ्यानेच आकड्यांना प्रश्न विचारावेत, हा या साधनांचा हेतू. त्यांना 'स्वयंसेवा' म्हणण्यापेक्षा 'स्वावलंबी' म्हणणे मराठीत अधिक शोभेल.

परंतु साधनापूर्वी तक्त्याच्या घडणीचा विचार करावा लागतो. शाळेचे नाव आणि पुढे बारा महिन्यांचे बारा रकाने, ही मांडणी डोळ्यांना सोयीची असली तरी विश्लेषणास अडचणीची असते. त्यासाठी एका ओळीत एकच नोंद हवी : शाळा, महिना, उपस्थिती. चाळीस शाळांच्या वर्षभराच्या अशा ४८० ओळी होतात. पॉवर क्वेरी रकान्यांच्या अशा ओळी करून देते. तिचा खरा लाभ मात्र निराळा आहे. केलेली प्रत्येक कृती ती क्रमाने टिपून ठेवते. एकसारख्या घडणीची सर्व प्रपत्रे एका फोल्डरमध्ये ठेवून ती जोडण्याची रीत एकदा घालून दिली की, पुढील महिन्यात नवी प्रपत्रे त्याच फोल्डरमध्ये टाकून 'रिफ्रेश' म्हणावयाचे. सारी कृती आपोआप पुन्हा घडते.

आपोआप घडते म्हणून बिनचूक घडते, असे मात्र नव्हे. इंग्लंडमधील २०२० सालचे उदाहरण या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे. करोनाच्या साथीत प्रयोगशाळांकडून येणारी माहिती तेथील सार्वजनिक आरोग्य यंत्रणा एक्सेलच्या जुन्या, 'एक्सएलएस' पद्धतीच्या फाइलींत भरीत होती. त्या फाइलीत ६५,५३६ ओळींच्या पुढे जागा नसते. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांच्या नोंदी दैनंदिन आकडेवारीतून गळाल्या. रुग्णांना आपला निकाल कळला होता. परंतु त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबणीवर पडला आणि साथीत प्रत्येक दिवस मोलाचा असतो. २००७ पासूनच्या नव्या पद्धतीच्या फाइलीत १०,४८,५७६ ओळी मावतात. तरीही आलेल्या नोंदी किती आणि तक्त्यात उतरलेल्या किती, हा मेळ प्रत्येक वेळी घालावयास हवा. रोकडवहीचा ताळमेळ घालणाऱ्यास हे नवे सांगावयास नको.

आपल्याकडील चुका बहुधा याहून साध्या असतात. 'पिंपळगाव' आणि 'पिंपळगांव' ही संगणकाच्या लेखी दोन गावे होत. एका कारकुनाने अनुस्वार दिला, दुसऱ्याने दिला नाही, की गोषवाऱ्यात एका गावाची दोन गावे होतात आणि दोहोंची वसुली कमी दिसते. शिवाय पिंपळगावे महाराष्ट्रात कितीतरी! यास्तव नावावर विसंबू नये. शाळेसाठी अकरा अंकी यू-डायस क्रमांक, ग्रामपंचायतीसाठी शासनाच्या निर्देशिकेतील संकेतांक प्रत्येक ओळीत असावा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेली नावे तर प्रथम युनिकोडमध्ये आणल्याखेरीज जुळणारच नाहीत.

क्रमांकांचीही एक खोच आहे. एक्सेल संख्येचे पंधराच अंक सांभाळते. सोळा अंकी बँक खाते संख्या म्हणून भरले, तर शेवटचा अंक शून्य होतो; आरंभीचे शून्य असल्यास ते गळून पडते. शिष्यवृत्तीच्या यादीत असे घडले, तर त्या विद्यार्थ्याची रक्कम अडकते. खाते क्रमांकाची बेरीज कोणी करीत नाही. तो मजकूर म्हणूनच नोंदवावा. पॉवर क्वेरी माहिती आत घेताना रकान्याचा प्रकार स्वतःच ठरवून टाकते, ती पायरी उघडून तपासावी.

पॉवर बीआयमध्ये तयार झालेले आलेख 'वेबवर प्रसिद्ध करा' या सोयीने मांडता येतात. मात्र असे मांडलेले पान जगातील कोणासही उघडता येते. थकबाकीदारांची किंवा विद्यार्थ्यांची नावे असलेला तक्ता त्या वाटेने जाऊ देऊ नये. गावनिहाय बेरजा तेवढ्या जाव्यात. आणि बेरजेत चूक आढळली, तर ती गोषवाऱ्यात खोडून सुधारू नये. ज्या प्रपत्रात ती शिरली तेथेच दुरुस्त करून 'रिफ्रेश' करावे, अन्यथा पुढील महिन्यात तीच चूक परत येते.