चेहऱ्यामागचा माणूस

एखादे छायाचित्र पाहून आपण म्हणतो, "अगदी हुबेहूब उतरले आहे!" परंतु नाकडोळे हुबेहूब उतरले, म्हणजे माणूस उतरला काय? या प्रश्नाने एका बाईंना वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वेड लावले. त्यांचे नाव ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन.

कॅमेरॉनबाईंचा जन्म १८१५ साली कलकत्त्यास झाला. पुढे त्या इंग्लंडातील आइल ऑफ वाइट या बेटावर राहू लागल्या. १८६३ च्या डिसेंबरात मुलीने व जावयाने त्यांना विरंगुळा म्हणून एक कॅमेरा भेट दिला. बाईंना त्या विद्येची माहिती नव्हती. पण उत्साह दांडगा! कोळशाच्या खोलीची त्यांनी अंधारखोली केली. कोंबड्यांना मोकळे सोडले आणि त्यांच्या काचेच्या खुराड्यात चित्रे घेण्यास आरंभ केला. प्रथम पुष्कळ काचा वाया गेल्या. पुढल्याच महिन्यात ॲनी नावाच्या लहान मुलीचे चित्र मनासारखे साधले, तेव्हा तिला बक्षीस काय द्यावे, हे शोधीत बाई घरभर धावत सुटल्या.

त्या काळी छायाचित्र काढून घेणे ही एक शिक्षाच असे. पडदे व खांब यांच्यापुढे माणसास ताठ उभे करीत. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावीत. चित्रात कोटाची घडी न् घडी दिसे; माणूस मात्र दगडासारखा! कॅमेरॉनबाईंनी पडदे व खांब दूर सारले आणि कॅमेरा चेहऱ्याच्या समीप नेला. भिंग फिरविताना चेहरा सुंदर दिसला, की त्या तेथेच थांबत; रेषा अधिक रेखीव व्हाव्यात, असा त्यांचा आग्रह नसे.

१८६७ साली त्यांनी थोर ज्योतिर्विद सर जॉन हर्शेल यांचे चित्र घेतले. हर्शेल तेव्हा ७५ वर्षांचे होते. बाईंनी त्यांना केस धुवावयास लावले आणि ते तसेच विस्कटलेले राहू दिले. चित्रात काळोखातून एक वृद्ध चेहरा उजळून येतो. आयुष्यभर तारे न्याहाळलेले ते डोळे पाहताच आपण स्तब्ध होतो. आपल्या घरच्या मेरी हिलियर या मोलकरणीची चित्रेही बाईंनी तितक्याच आदराने घेतली.

परंतु जाणकारांनी नाके मुरडली. "चित्रे अस्पष्ट आहेत, काचांवर डाग आहेत, या बाईंना कॅमेरा वापरता येत नाही," असे ते म्हणू लागले. डाग होते, हे खरे. पण अस्पष्टपणा बाईंनी जाणूनबुजून राखला होता. टीकेने त्या खचल्या नाहीत. १८६५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमने त्यांची चित्रे विकत घेतली. आज ती तेथेच, व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियम या नव्या नावाखाली, जपून ठेवलेली आहेत.

यंत्र डोळे टिपते. त्या डोळ्यांतील भाव टिपावयास मात्र यंत्रामागे प्रेमाने पाहणारा माणूस लागतो.

स्वाध्याय

१. कॅमेरॉनबाईंनी छायाचित्रे घेण्याच्या रूढ पद्धतीत कोणते बदल केले?
२. जाणकारांचे कोणते म्हणणे खरे होते व कोणते चुकीचे होते? का?
३. तुमच्या घरातील एका व्यक्तीचे छायाचित्र तुम्हांस घ्यावयाचे आहे. तिचा स्वभाव त्यात उतरावा म्हणून काय कराल, ते आठ-दहा ओळींत लिहा.