रिकिबीच्या तळाशी

चिरंजीव निनाद यास काकांचे अनेक आशीर्वाद.

कानाच्या शस्त्रक्रियेचा सराव ज्या स्वस्त प्रतिकृतींवर करावयाचा, त्या चिरंजीवांनी ‘पोरखेळ’ म्हणून बाजूस सारल्या असून थेट स्टेपिडोटॉमी, म्हणजे कानातील रिकिबीच्या तळावरची शस्त्रक्रिया, हाती मिळावी असा हट्ट धरला आहे, ही वार्ता त्यांच्या वरिष्ठांकडून आल्यापासून काकांचे चित्त थाऱ्यावर नाही. रिकीब हे शरीरातील सर्वांत लहान हाड, उंचीने जेमतेम ३ मिलिमीटर. ओटोस्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे तिच्या तळाभोवती नवे हाड साचून ती जखडते त्या विकारात, तळाला सुमारे ०.६ मिलिमीटरचे छिद्र पाडून पिस्टन बसवावा लागतो, आणि तळापलीकडे लगेच आंतरकर्णातील द्रव असल्याने अवजार किंचित खोल गेले तरी रुग्णास भोवळ येते, क्वचित तो कान कायमचा जातो. १९५६ साली अमेरिकेत जॉन शी यांनी टेफ्लॉनची रिकीब बसवली, त्यानंतर अवजारे पुष्कळ सुधारली. मनगट तेच आहे.

पोरखेळ म्हणावयाचे ते कशास? सिरिंजची कापलेली नळी तिरकी रोवली की कर्णनलिका होते, वाकवलेल्या तारेची ऐरण, म्हणजे रिकिबीलगतचे हाड, होते, ताणलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा तळ होतो; खाली शाईत भिजवलेला कापूस ठेवला, की खोल गेलेल्या अवजाराची चहाडी शाईच करते. या नळीत रक्त येत नाही, भूल केवळ कानापुरती असलेला जागा रुग्ण मध्येच मान हलवत नाही, हे खरेच. परंतु इथे तळ फुटला तर कोणाचा कान जात नाही, आणि काकांची सारी काळजी त्या तळाचीच आहे.

काकांच्या उमेदवारीत सरावासाठी टेम्पोरल बोन, म्हणजे कवटीचे कान सामावणारे हाड, क्वचितच वाट्यास येई. सूक्ष्मदर्शकाच्या बाजूच्या नळीतून पाहण्यातच वर्षे सरली आणि रिकिबीपर्यंत हात पोचला तोवर उमेद ओसरली होती, हा सल अजून जात नाही. म्हणून पुन्हा तेच लिहिणे होते: तळ आधी पत्र्याचा फुटावा.

हात थरथरल्यामुळे चिरंजीवांकडून अवजार काढून घेतले गेले, हेही वरिष्ठांनी हळूच सांगितले. त्यात लाजण्याजोगे काही नाही. करंगळी टेकवून बसावे, उपाशीपोटी आणि जागरणानंतर सरावास बसू नये. मुदत संपलेल्या पिस्टनांची डबी पार्सलने धाडली आहे. ती काकूंच्या बेसनलाडवांखाली आहे, तेव्हा आधी लाडू संपवावेत, आणि पोचल्याचा फोन करावा; रात्री उशीर झाला तरी काका जागे असतात.