मॅचनंतरचा अर्धा तास



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक २६ आणि २७.

थोडक्यात भावार्थ: इथे भगवंत कर्म करणाऱ्यांचे प्रकार सांगतात. सात्त्विक कर्ता आसक्ती सोडलेला, ‘मी मी’ न करणारा, धृती आणि उत्साह असलेला. काम जमलं काय, फसलं काय, तो डगमगत नाही. राजस कर्ता फळावर डोळा ठेवणारा, लोभी, दुसऱ्याला दुखावणारा, हर्ष आणि शोक यांच्यात हेलकावे खाणारा.

हे श्लोक मी नेहमी ऑफिसच्या कामाशी जोडून वाचायचो. गेल्या रविवारी ते बॅडमिंटन कोर्टाशेजारी भेटले.

आमच्याकडे दोन खेळवेडी मुलं. धाकटा सात वर्षांचा, चेंडू सापडला नाही तर मोज्यांचा गोळा करून हॉलमध्ये फुटबॉल. थोरली अकरा वर्षांची, पहाटे साडेपाचला रॅकेट घेऊन दारात उभी. या वेडाला जरा आवर घालायला हवा, असं मीच बायकोला सांगायचो.

रविवारी लेकीची मॅच होती. पहिला गेम तिचा, दुसरा समोरचीचा, तिसऱ्यात १९-१९. पुढचे दोन पॉइंट गेले आणि मॅच गेली. तिने नेटपाशी जाऊन हात मिळवला, अंपायरना थँक्यू म्हटलं, बॅग भरली. डोळे लाल होते, पण गप्प होती.

गाडीत बसल्याबसल्या मी सुरू झालो. “शेवटची सर्व्हिस एवढी उंच का दिलीस? शंभर वेळा सांगितलंय. एवढी फी भरतो, सुट्ट्या घेतो...” सिग्नलला ती एवढंच म्हणाली, “बाबा, हरले मी ना? मग तू का एवढा चिडलायस?”

संध्याकाळी ती पार्किंगमध्ये भावाबरोबर शटल मारत खिदळत होती. मी मात्र रात्री मोबाईलवर ते शेवटचे दोन पॉइंट पुन्हा पुन्हा बघत बसलो होतो. आता सांगा, वेड नक्की कोणाला लागलं होतं?

सोमवारी सकाळी पोथी उघडली आणि २७व्या श्लोकातल्या एका शब्दावर अडकलो: ‘हिंसात्मक’. आजवर वाटायचं, हा शब्द आपल्यासाठी नाही, आपण कुठे कोणाला मारतो? पण गाडीतली माझी वाक्यं आठवली. फळ मी मोजत होतो, ते हातचं गेलं, आणि घाव तिच्यावर घातला. ऑफिसात सर्व्हर पडला तर आधी तो उभा करतो, मग कोणावर बोट न ठेवता काय चुकलं ते बघतो. एवढी साधी शिस्त मी घरच्या लेकराला दिली नव्हती.

दुसरी गोष्ट उत्साहाची. अनासक्ती म्हणजे ‘जाऊ दे, काय फरक पडतो’ असं आपल्याला वाटतं. पण भगवंतांनी सात्त्विक कर्त्याच्या लक्षणांत उत्साह मुद्दाम ठेवलाय. जीव तोडून खेळायचं, हरल्यावर वाईटही वाटेल, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा उठायचं. हे धरून ठेवणं म्हणजे धृती. माझी मुलगी लगेच सात्त्विक कर्ती झाली असं मी म्हणत नाही, अकरा वर्षांची पोर आहे ती. पण त्या दिवशी श्लोकाच्या जास्त जवळ तीच होती.

आजचा अभ्यास: मॅच, परीक्षा, स्पर्धा काहीही असो, नंतरचा अर्धा तास निकालावर बोलायचं नाही. “भूक लागली का?” एवढंच विचारायचं. चुका तिने विचारल्या तरच सांगायच्या. मॅच चालू असताना मनात नाम घ्यायचं, पण जिंकण्याचं मागणं त्यात घालायचं नाही.

सोमवारी रात्री मी लेकीला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, “ओके. पुढच्या मॅचला पण येशील ना?”

पांडुरंगा, मुलांचा उत्साह माझ्या अपेक्षेखाली चिरडू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी!