सुरांचा अंक

संगीत हा कानांचा विषय आहे आणि मासिक हा डोळ्यांचा. गाणे ऐकावयाचे असते. अंक पाहावयाचा व वाचावयाचा असतो. छापील पानातून सूर उमटत नाही, की तबल्यावरील थाप ऐकू येत नाही. मग संगीताचा अंक काढावयाचा तरी कसा? मिरजेच्या एका शाळेतील सातवीच्या विद्यार्थ्यांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. शाळेच्या वार्षिक अंकाचे काम त्या वर्षी त्यांच्याकडे आले होते आणि तो अंक संगीताला वाहावयाचा असे सर्वांनी ठरविले होते.

मिरज हे गाव सुरांचे म्हणूनच ओळखले जाते. तंबोरे व सतारी तयार करणाऱ्या कारागिरांची घराणी तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ यांचे मिरजेत दीर्घ काळ वास्तव्य होते. १९३७ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांना येथील मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात चिरविश्रांती मिळाली. त्यांच्या स्मरणार्थ आजही तेथे गायक-वादक आपली कला सादर करतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा गावातील मुलांना विषय शोधीत लांब जावे लागले नाही. अडचण होती ती विषय पानांवर मांडण्याची.

पहिल्या बैठकीत मुलांनी लेखांची यादी केली. तिची बेरीज २६ पृष्ठे झाली. ती पाहून मुख्याध्यापकांनी एक मोठा कागद घेतला, तो मधोमध दुमडला आणि विचारले, “किती पृष्ठे झाली?” मुलांनी मोजली. पाने दोन झाली आणि पृष्ठे चार. असे दुमडलेले कागद एकात एक घालून मध्ये टाचले म्हणजे अंक तयार होतो. त्यामुळे अशा अंकाची पृष्ठसंख्या चारच्या पटीत असावी लागते. २६ पृष्ठांचा अंक निघणार नव्हता. तो २४ पृष्ठांचा तरी हवा किंवा २८ पृष्ठांचा. पैसे बेताचे होते. मुलांनी दोन पृष्ठे कमी केली आणि सहा कोरे कागद दुमडून एक छोटा नमुना तयार केला. मुखपृष्ठ कोणते, मधले जोडपृष्ठ कोणते, कोणता लेख डाव्या पानावर सुरू होतो व कोणता उजव्या, हे सारे त्यात पेन्सिलीने लिहिले. अंक कसा दिसणार आहे, हे त्या चिमुकल्या वहीत प्रथमच सर्वांना दिसले.

त्यानंतर मांडणीचा विचार सुरू झाला. मांडणीचे काम ज्याच्याकडे होते, त्या मुलाने पहिले पान मोठ्या हौसेने सजविले. त्याने चार प्रकारची अक्षरे योजली, भोवती वेलबुट्टी काढली आणि कोपऱ्यांत वीणा व मोरपिसे बसविली. संगीताच्या बाईंनी ते पान पाहिले व म्हणाल्या, “छान आहे. पण ठेका कुठे आहे?” मुलगा गोंधळला. तेव्हा बाईंनी समजावून सांगितले, “तीनताल सोळा मात्रांचा असतो. गायक वाटेल तेवढ्या ताना घेतो, पण त्या सोळा मात्रांची चौकट मोडत नाही. म्हणून तर तो समेवर आला की आपली मान आपोआप डोलते. तुमच्या अंकालाही अशी एक चौकट हवी.”

मुलांना ही गोष्ट पटली. त्यांनी प्रत्येक पानाचे दोन सारखे स्तंभ पाडले. चारही बाजूंचे समास ठरविले. टाचणीच्या बाजूला अक्षरे दडू नयेत म्हणून आतला समास थोडा रुंद ठेवला. शीर्षकासाठी एक वळणाचे अक्षर व मजकुरासाठी दुसरे, एवढीच दोन वळणे निवडली. देवनागरीत वेलांट्या व मात्रा ओळीच्या वर जातात आणि उकार खाली येतात. ओळी फार जवळ आल्या तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. म्हणून दोन ओळींमध्ये पुरेसे अंतर ठेवले. वेलबुट्टी सगळी काढून टाकली, तेव्हा पानावर बरीच जागा मोकळी राहिली. “ही जागा भरावयाची कशाने?” असे एकाने विचारताच संपादिका झालेली मुलगी म्हणाली, “ती भरावयाची नाही. गाण्यात विश्रांती असते, तशी ती पानातली विश्रांती आहे.”

मग छायाचित्रांची पाळी आली. कॅमेरा हाती घेण्यापूर्वी मुलांनी एक तक्ता केला. कोणते चित्र हवे, ते उभे हवे की आडवे, कोठे व कोणत्या वेळी घ्यावयाचे आणि कोणाची परवानगी घ्यावयाची, असे त्यात रकाने होते. चित्र किती मोठे छापावयाचे, हेही आधीच ठरविणे आवश्यक होते. चांगल्या छपाईसाठी चित्राच्या प्रत्येक इंचात सुमारे ३०० बिंदू असावे लागतात. २१० मिलिमीटर, म्हणजे सुमारे सव्वाआठ इंच रुंदीचे पान चित्राने भरावयाचे, तर चित्राच्या रुंदीत जवळजवळ २,५०० बिंदू हवेत. एका मुलाने आणलेल्या चित्राच्या रुंदीत केवळ ६०० बिंदू होते. मोबाइलच्या लहान पडद्यावर ते सुरेख दिसत होते. परंतु ते दोन इंचांहून मोठे छापण्याजोगे नव्हते.

पहिली छायाचित्रे शाळेच्या संगीतवर्गात घेतली. तेथे मुलांना एक नवीच गोष्ट कळली. तंबोऱ्याची खर्जाची तार एका सेकंदात साठ-सत्तर वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा कंप पावते. कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाचा हजारावा भाग उघडला, तर चित्रात ती तार अगदी स्थिर दिसते. जणू तिला कोणी छेडलेच नाही. तोच पडदा सेकंदाचा तिसावा भाग उघडा राहिला, तर तेवढ्या वेळात तार दोनदा तरी थरथरते आणि चित्रात तिच्या जागी धूसर पट्टा उमटतो. यांतले खरे चित्र कोणते? मुलांत बराच वाद झाला. शेवटी असे ठरले, की वाद्याचे भाग दाखविणाऱ्या पानावर स्थिर तारेचे चित्र घ्यावे आणि तंबोऱ्यावरील लेखाच्या आरंभी थरथरणाऱ्या तारेचे. सूर कागदावर उमटत नाही खरा. पण त्याची हालचाल तरी उमटू शकते.

दुसरे काम वाद्यांच्या कारखान्यात होते. तेथील वृद्ध कारागिरांना सारे ‘चाचा’ म्हणत. एका दुपारी मुले त्यांच्याकडे गेली. आत अंधार होता, म्हणून त्यांनी कॅमेऱ्याचा दिवा लावून चित्रे घेतली. ती साफ फसली. भोपळ्याला नुकतीच चकाकी दिली होती. त्या गुळगुळीत पृष्ठभागावरून दिव्याचा झोत आरशावरून परतावा तसा परतला आणि चित्रात भोपळ्याच्या जागी पांढरा डाग तेवढा आला. मुले दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेली. त्या वेळी दारातून तिरपा प्रकाश आत येत होता. त्या प्रकाशात लाकडावरील नक्षीची प्रत्येक रेघ उठून दिसू लागली.

मुलांच्या नमुन्यात चाचांचे एकच मोठे चित्र पानभर छापावयाचे होते. हाती तयार तंबोरा घेऊन चाचा हसत बसले आहेत, असे ते चित्र. मुलांनी तसे सांगताच चाचांनी हातातली कानस खाली ठेवली.

“बाळांनो, हा तंबोरा मी एकट्याने केला, असं लिहिणार का?”

“तुम्हीच केला ना, चाचा?”

चाचा हसले. “हा भोपळा पंढरपूरकडच्या शेतकऱ्याने पिकवला. त्याला कापून, भिजवून आकार दिला तो त्या कोपऱ्यात बसलेल्या भावाने. दांडीवरची नक्षी माझ्या पुतण्याची. चकाकी दिली ती त्या पोराने. मी आता फक्त जवारी लावतो. एकट्या माझं चित्र छापलंत, तर ते चित्र खोटं बोलेल.”

जवारी लावणे म्हणजे ज्या घोडीवरून तारा जातात तिचा माथा अगदी हलक्या हाताने घासून तार व घोडी यांचा नेमका स्पर्श साधणे. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा सरकवितात. तो योग्य जागी बसला, की तंबोऱ्याचा आवाज भरून येतो, गुंजू लागतो. हे काम कसबाचे खरे; परंतु त्यापूर्वी चांगला भोपळा व नीट बसलेली दांडी नसेल, तर जवारी कशावर लावणार? मुलांनी तेथेच बसून नमुन्यातील ते पान खोडले. एका मोठ्या चित्राऐवजी चार मध्यम चित्रे घेतली. ती एकाखाली एक मांडली आणि प्रत्येकाखाली काम करणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने लिहिले. पान पूर्वीइतके भारदस्त दिसेना; पण आता ते अधिक काही सांगू लागले.

अंक छापखान्यात देण्याच्या आदल्या संध्याकाळी आणखी एक पेच पडला. सहावीतील एका मुलाचे तबला वाजवितानाचे सुंदर छायाचित्र उजव्या पानावर होते. त्यात तो उजवीकडे पाहत होता. त्यामुळे त्याची नजर पानाबाहेर जात होती, आणि वाचकाची नजरही तिच्यामागून बाहेर जाई. मांडणी करणाऱ्या मुलाने संगणकावर ते चित्र क्षणात उलटे केले. डावे ते उजवे झाले, मुलगा पानाच्या आत पाहू लागला आणि पान एकदम जिवंत वाटू लागले. सर्वांनी वाहवा केली.

एवढ्यात तबला शिकणारी एक मुलगी म्हणाली, “याचा तबला डाव्या हाताखाली कसा गेला?”

खरेच, उजव्या हाताने वाजवावयाचा तबला चित्रात डाव्या हाताखाली होता आणि डग्गा उजव्या हाताखाली. काही डावखुरे वादक तशी मांडणी करतात. पण हा मुलगा डावखुरा नव्हता.

“एवढे कोणाच्या लक्षात येणार आहे?” एकजण म्हणाला. रात्र पडत आली होती आणि सारे थकले होते.

“ज्याला तबला येतो त्याच्या लक्षात येईल,” ती मुलगी म्हणाली. “ज्याला येत नाही त्याच्या येणार नाही. पण आपला अंक त्याच्यासाठीच आहे ना? त्याला जे ठाऊक नाही, तेच आपण चुकीचे शिकविणार.”

कोणी काही बोलले नाही. चाचांचे शब्द सर्वांनाच आठवले असावेत. मग मांडणी करणाऱ्या मुलाने चित्र पुन्हा सुलटे केले आणि ते डाव्या पानावर नेले. तेथे मुलाची नजर आपोआपच अंकाच्या आत वळली. परंतु त्यासाठी समोरासमोरची दोन्ही पाने नव्याने मांडावी लागली, आणि त्या कामाला दीड तास लागला. चित्राच्या कडा कापाव्यात, ते थोडे उजळ करावे. पण त्याचा अर्थ बदलू नये, असा नियम त्या रात्री ठरला आणि तो नमुन्याच्या पहिल्या पानावर लिहिला गेला.

राहता राहिले मुखपृष्ठ. एका विख्यात गायकाचे छायाचित्र इंटरनेटवर मिळाले होते. मुखपृष्ठावर ते शोभले असते. पण ते दुसऱ्याने काढलेले होते. आपल्या देशात १९५७ सालच्या कायद्याने छायाचित्रावर ते काढणाऱ्याचा हक्क मानला जातो. परवानगीवाचून ते छापणे म्हणजे दुसऱ्याच्या बागेतील फुले न विचारता तोडणे. मुलांनी ते बाजूला ठेवले आणि आपल्याच संग्रहातील एक चित्र निवडले. त्यात ना कोणाचा चेहरा होता, ना व्यासपीठ. घोडीवर टेकलेली दोन सुरकुतलेली बोटे आणि तारेखाली सरकणारा पांढरा धागा, एवढेच त्यात होते. चित्राचा वरचा भाग काळोखा होता. अंकाचे नाव तेथे ठळक उमटावे, म्हणून चित्र घेतानाच ती जागा मोकळी ठेवली होती.

अंक छापून आला तेव्हा पहिल्या प्रती घेऊन मुले कारखान्यात गेली. चकाकी देणाऱ्या तरुणाने आपले नाव दोनदा वाचले आणि प्रत कपड्यात गुंडाळून ठेवली. चाचांनी मुखपृष्ठ दाराशी उजेडात धरले. स्वतःच्या बोटांकडे त्यांनी पाहिलेही नाही. तारेखालचा धागा नेमक्या जागी आहे की नाही, हे त्यांनी बारकाईने न्याहाळले आणि मग समाधानाने मान डोलाविली.

स्वाध्याय

१. टाचलेल्या अंकाची पृष्ठसंख्या चारच्या पटीत का असावी लागते? एक कागद दुमडून दाखवा.

२. “पण ठेका कुठे आहे?” या प्रश्नातून बाईंना काय सुचवावयाचे होते?

३. कारखान्यातील पहिली छायाचित्रे का फसली? दुसऱ्या खेपेस मुलांनी काय बदल केला?

४. ‘एकट्या माझं चित्र छापलंत, तर ते चित्र खोटं बोलेल.’ चाचांच्या या उद्गाराचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.

५. तबलावादकाचे छायाचित्र उलटे छापले असते, तर कोणाचे नुकसान झाले असते? तुमचे मत कारणांसह लिहा.

६. तुमच्या गावातील एखाद्या कलेवर आठ पृष्ठांचा अंक काढावयाचा आहे, असे समजून त्याचा नमुना व छायाचित्रांचा तक्ता तयार करा.