पुलीच्या बोल्टाशी कुस्ती खेळू नकोस

टायमिंग बेल्ट घालायला तू शिकलास, ते बरं झालं. पण पट्टा घालणं सोपं असतं रे, काम अडतं ते क्रँकच्या पुलीपाशी. एक जण गोटी पान्याला चार फुटी पाईप लावून लोंबकळतोय, दुसरा त्याला ‘अजून जोर, अजून जोर’ सांगतोय आणि बोल्ट जागचा हलत नाही. हे मी उज्जैनला देवास गेटापासून आगर रोडपर्यंत किती गॅरेजांत बघितलंय! जोर कमी पडत नसतो. इंजिन धरलेलं नसतं, म्हणून बोल्टाबरोबर तेही फिरतं.

पाना हातात घेण्याआधी बघ, मधला बोल्ट काढायचाच आहे का? जुन्या झेनच्या पुलीत मधल्या मोठ्या बोल्टाभोवती छोटे बोल्ट असतात. पट्ट्यासाठी तेवढे सोडले की पुली हातात येते, मधल्याला हात लावायची गरजच नाही. नवखी पोरं मोठा बोल्ट दिसला की त्यालाच भिडतात. सँट्रोला मात्र मधलाच काढावा लागतो.

आता इंजिन धरायचं कसं? उजवं पुढचं चाक आणि आतलं प्लास्टिकचं कव्हर काढ, गाडी स्टँडवर टेकव, नुसत्या जॅकवर नको. मग गिअर पाचव्यात टाक. पहिल्यात टाकलास तर इंजिनाला चाक फिरवणं सोपं जातं, पाचव्यात जड जातं; आपल्याला जडच हवंय. आणि एका पोराला आत बसवून ब्रेकवर पाय दाबून धरायला सांग. हँडब्रेक ओढून निश्चिंत होऊ नकोस. या गाड्या पुढच्या चाकांनी ओढतात आणि हँडब्रेक लागतो मागच्या चाकांना, म्हणजे धरलं कोणाला? ओमनी मागच्या चाकांवर चालते, तिच्यात हँडब्रेक कामाला येतो. क्लच घसरत असेल तर हा सगळाच उपाय फुकट. मग स्टार्टर काढ आणि त्या भोकातून फ्लायव्हीलचे दात अडकवायचं लॉक बसव. पेचकस खुपसू नकोस, दाताचा तुकडा उडतो नाहीतर गिअरबॉक्सचं अॅल्युमिनियमचं घर तडकतं.

गोटी सहा कोनांचीच घे. बारा कोनांची कोपऱ्यांवर धरते. बोल्टाचं डोकं गोल झालं की पुढे वेल्डिंगवाल्याला बोलवायची पाळी. इंदूरला सियागंजात गेलास की एक चांगली घेऊन ठेव, पैशाकडे बघू नकोस. आणि पाईपचा हिशेब डोक्यात ठेव. साठ किलोचा माणूस 30 सेंटीमीटरच्या दांड्यावर लटकला तर सुमारे 175 न्यूटन मीटर जोर लागतो, 1 मीटरच्या पाईपवर तोच जोर 590 च्या आसपास जातो. त्यामुळे झटके देऊ नकोस, हळू दाब वाढव. बोल्ट सुटताना ‘टक’ असा आवाज येतो, तो ऐकला की लगेच हात सैल सोड.

स्टार्टर मारून बोल्ट सोडवायची ती युक्ती? पाना जमिनीला टेकवून चावी फिरवायची ती? मला आवडत नाही. पाना सटकला तर कोणाचा तरी पाय जातो. शिवाय आपल्याकडे 1998 ला आलेल्या पहिल्या होंडा सिटीचं इंजिन पुलीकडून बघितलं तर उलटं फिरतं, तिथे या युक्तीने बोल्ट आणखी घट्ट होतो.

बोल्ट आधी सैल कर, मगच टायमिंगच्या खुणा जुळव. नाहीतर जुळवलेलं सगळं सरकतं. पट्टा उतरल्यावर क्रँक विनाकारण हलवू नकोस. इंडिकाच्या डिझेल इंजिनात पिस्टन व्हॉल्व्हला जाऊन भिडतो. बॅटरीची ऋण तारही काढून ठेव, चुकून कोणी चावी फिरवायला नको.

बोल्ट निघाला तरी पुली बसलेली राहील. तिला हातोडी नको आणि बाहेरच्या कडेला पुलरचे पंजेही लावू नकोस. बऱ्याच पुल्यांत मधला गोळा आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबर असतं. कडीला ओढलंस की रबर सुटतं, पुली वेडीवाकडी फिरते आणि नवा पट्टा घालूनही गाडी आवाज करते. पुलीत आट्यांची भोकं असतील तर त्यांत बोल्ट घालून पुलर लाव. काढल्यावर क्रँकच्या खाचेतली चावी बघ, झिजलेली असेल तर बदल. तिथेच ऑईल सील ओलं दिसलं तर तेही आताच नवं घाल, पट्ट्याला तेल लागलं की पट्टा गेलाच.

परत कसताना टॉर्क पाना, आणि आकडा त्याच गाडीच्या पुस्तकातला. ‘हाताला कळतं’ म्हणणाऱ्यांचे बोल्ट सैल होऊन खाच खाल्लेले क्रँक मी बघितलेत. एकदाच वापरायचा बोल्ट असेल तर नवाच घाल. मग गिअर काढ, प्लग सोड, हाताने इंजिन दोन पूर्ण फेरे फिरव आणि खुणा पुन्हा बघ. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅम एकदा फिरतो, म्हणून दोन. मध्ये कुठे अडलं तर थांब, जोर करू नकोस.

महाकाल मंदिराशेजारी महाकाल लोक परिसर झाल्यापासून भाविक वाढलेत, म्हणून टॅक्सीवाले दारात उभं राहून घाई करतात. त्यांच्या हल्लीच्या डिझायरला पट्टाच नाही, चेन असते, तेव्हा ते तुझं गिऱ्हाईक नव्हेत. तुझ्याकडे येतील त्या घरात जपलेल्या जुन्या झेन नि सँट्रो. त्यांच्या कव्हरवर कागद चिकटव: तारीख आणि किलोमीटर. पट्टा नुसता उभ्या गाडीतही म्हातारा होतो, आणि पुढच्या मेकॅनिकला, म्हणजे बहुधा तुलाच, अंदाज बांधत बसावं लागणार नाही.