सोनघंटा

विद्यानगरमध्ये पडीक जागी, कुंपणाच्या कडेला पिवळ्या फुलांचे एक झुडूप आढळते. मराठीत त्यास पेटारी किंवा मुद्रा आणि कन्नडमध्ये श्रीमुद्रे म्हणतात. त्याचे चाकासारखे फळ शिक्क्याप्रमाणे उमटविता येते. शास्त्रीय नाव अब्युटिलॉन इंडिकम. उष्ण प्रदेशांत हे झुडूप विपुल आहे.

याच अब्युटिलॉन प्रजातीतील एक जाती मात्र केवळ महाराष्ट्रातील सह्याद्रीत, तीही मोजक्याच ठिकाणी आढळते. ती म्हणजे सोनघंटा. हे भेंडीच्या कुळातील पुरुषभर किंवा त्याहून उंच झुडूप हिवाळ्यात फुलते. फुले घंटेसारखी खाली लोंबतात. पिवळ्या पाकळ्यांवर तांबूस-जांभळ्या शिरा असतात.

कोल्हापूरहून रत्नागिरीस जाणाऱ्या मार्गावरील आंबा घाटात एन. बी. रानडे यांनी ही वनस्पती प्रथम गोळा केली. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वुड्रो व क्यू येथील स्टाप्फ यांनी 1894 साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि रानडे यांच्यावरून तिला अब्युटिलॉन रानडेई हे नाव दिले.

विशिष्ट भूभागातच नैसर्गिकरीत्या वाढणाऱ्या अशा वनस्पतीस प्रदेशनिष्ठ म्हणतात. प्रदेशनिष्ठ वनस्पती दुर्मिळ असतेच असे नाही. परंतु प्रदेश लहान व झाडे थोडी, असे दोन्ही योग जुळले की धोका वाढतो. पेटारीचे एक रान साफ केले तरी ती जाती टिकते. सोनघंटेच्या बाबतीत एखादी दरड, वणवा किंवा रस्त्याचे रुंदीकरण एवढ्याने तिचे एक ठिकाण कायमचे नाहीसे होऊ शकते. म्हणूनच कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती-उद्यानात तिची जोपासना करण्यात आली. उद्यानातील रोप हा विम्यासारखा आधार होय. मात्र घाटातील माती, पाऊस व परागवाहक कीटक यांची जागा तो घेऊ शकत नाही.

येथे आपल्या अभ्यास-सहलींचाही विचार करावयास हवा. चाळीस विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एक फांदी तोडली तर पेटारीचे फारसे बिघडणार नाही. पण दहा-वीस झुडपांच्या समूहातून चाळीस फांद्या गेल्या तर त्या वर्षीची फुले व बीजेच जातील. तेव्हा वहीत चिकटविण्याचा नमुना पेटारीचा घ्यावा. सोनघंटेचे छायाचित्र, टिपण व रेखाटन पुरेसे आहे. रानडे यांचे नाव त्या झुडपास मिळाले ते नमुना गोळा केल्यामुळे. आज तिच्या अभ्यासकाने मात्र ती जागच्या जागी राहू द्यावी, हेच उचित.